उतरत्या सुराचे शब्द

कानवाल्यांनी बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच दुकानाला सलग चार दिवस कुलूप लावलं, आणि रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेल्यावर पुन्हा मागे येऊन ते दोनदा ओढून पाहिलं. बायको रिक्षात बसून हे सगळं बघत होती. "अहो, चार दिवसांत कोणी नव्यानं बहिरं होत नाही. चला आता," ती म्हणाली, आणि ते निमूटपणे येऊन तिच्या शेजारी बसले.

बाजारात त्यांचं खरं नाव फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. ऐकू कमी येणाऱ्यांना कानाचं मशीन बसवून देणारे ते कानवाले, एवढीच त्यांची ओळख होती आणि त्यांना ती पुरत होती. दुकानाच्या मागच्या अंगाला जाड काचेची एक छोटी खोली होती. तिच्यात माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, शिट्टी ऐकू आली की बोट वर करा असं सांगून बाहेरून एकेक बटण दाबत राहायचं; मग कानात गुलाबी लगदा भरून साचा घ्यायचा, आणि आठवड्याभरानं तोच माणूस स्वतःच्या बायकोचा आवाज नव्यानं ऐकून दचकताना पाहायचा. या धंद्यानं कानवाल्यांना एक गोष्ट शिकवली होती, की माणूस कानानं अर्धंच ऐकतो, उरलेलं अर्धं त्याचं मन आपल्या सोयीनं भरून घेतं. हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, आणि बायकोला तर इतक्यांदा सांगून झालं होतं की ती त्यांच्या आधी ते वाक्य पुरं करी.

बायको घरीच लोकांचे कपडे उसवून, आवळून, सैल करून द्यायची. तिचा आवाज बारीक आणि वरच्या पट्टीतला होता. शिवणयंत्राची खडखड, कुकरची शिट्टी आणि शेजारच्यांचं भांडण या तिन्हींच्या वर तो सहज ऐकू येई. तिला बाहेरचं खाणं अजिबात रुचत नसे. परक्या ठिकाणी पाणीसुद्धा ती आधी वास घेऊन मगच प्यायची. म्हणून दूरच्या शहरात नोकरीला असलेल्या मुलीनं जेव्हा परस्पर या समुद्रकाठच्या गावात आईबापांसाठी खोली ठरवून टाकली, तेव्हा कानवाल्यांना पहिली काळजी पडली ती हीच, की ही चार दिवस खाणार काय.

गाव म्हणजे समुद्राला समांतर धावणारा एकच लांबलचक रस्ता होता. दुतर्फा टोप्या, गॉगल, हवा भरलेली रबरी बदकं. लॉजच्या जिन्यावर दिवसभर ओल्या पावलांचे ठसे, आणि चादर कितीही झटकली तरी अंगाखाली कचकचणारी रेती. पहिला दिवस सोबत आणलेल्या डब्यावर निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र दोघं जेवण शोधत निघाली. ऊन असं होतं की सावलीसुद्धा पायाशी येऊन बसली होती, आणि जिथं डोकवावं तिथं ताटकळलेल्या माणसांची रांग. होता होता रस्त्याच्या पार टोकाला, जिथं पर्यटकांची वर्दळ विरळ होते, तिथं त्यांना हिरव्या झडपांचं एक छोटं व्हिएतनामी रेस्टॉरंट दिसलं. सहा टेबलं, त्यांतली चार रिकामी. दारावरच्या फोटोंवर इतकी वर्षं ऊन पडलं होतं की सगळी सूपं निळी दिसत होती.

"निळं काही मी खाणार नाही हं," बायको म्हणाली. पण आत पंखा होता, म्हणून ती आत शिरली.

एक ठेंगणी, पिकल्या केसांची मालकीणबाई आली. तिला त्यांची भाषा येत नव्हती आणि त्यांना तिची. पर्यटकांच्या गावात सगळ्यांनाच येते तेवढ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, बराचसा बोटांनीच व्यवहार उरकून कानवाल्यांनी दोन वाडगे सूप मागवलं. वाफाळते वाडगे आले. तळाशी तांदळाच्या पांढऱ्या शेवया, वर कांद्याची पात. शेजारी एका ताटलीत हिरवा पाला, लिंबाच्या फोडी, मिरचीचे काप. कानवाल्यांनी चमचा उचलला आणि बायकोच्या तोंडाकडे बघितलं. नाक मुरडणार, मग समजूत घालावी लागणार, अशा तयारीनं.

बायकोनं नाक मुरडलं नाही. तिनं ताटलीतला पाला हातात घेतला, एकेक काडी बोटांत फिरवून पाहिली, दोन काड्या नापसंत पडल्यासारख्या बाजूला ठेवल्या, आणि उरलेली पानं सुरीला हात न लावता झरझर खुडून वाडग्यात टाकली. लिंबाची फोड वाडग्याच्या कडेनं फिरवत पिळली. मिरचीचा एक काप सुपात बुडवला, मनात काहीतरी मोजल्यासारखी थांबली आणि तो बाहेर काढून ठेवला. मग जेवणाच्या दोन काड्या उचलून, त्यांची टोकं टेबलावर एकदाच आपटून सारखी केली आणि खायला लागली.

कानवाल्यांचा चमचा हवेतच राहिला. "हे कुठं शिकलीस?"

"काय?"

"हे. काड्यांनी खायचं."

तिनं आपल्या हाताकडे, तो आताच कोणी आणून जोडल्यासारखा, पाहिलं. मग हसली. "सुईदोऱ्यात जन्म गेला माझा. दोन काड्या नाही होय धरता येणार?"

हे पटण्यासारखं होतं, आणि न पटवून घ्यायला कानवाल्यांपाशी काही कारणही नव्हतं. बायको बाहेरचं जेवते आहे याचंच त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी पुढं चौकशी केली नाही. अर्धा वाडगा संपत आला तेव्हा मालकीणबाई हातात ट्रे घेऊन आली आणि कामचलाऊ इंग्रजीत, सगळं ठीक आहे ना, असं काहीसं विचारती झाली. बायकोनं मान वर केली आणि उत्तर दिलं.

ते उत्तर व्हिएतनामी भाषेत होतं.

एखाददुसरा ऐकीव शब्द असता तर कानवाले हसले असते. पण ती बोलतच राहिली; लांब, सलग, मध्ये श्वास घेत, वाक्य अर्ध्यावर बदलत, जसं माणूस फक्त स्वतःच्या भाषेत बोलतं तसं. आवाजही तो नव्हता. वरच्या पट्टीतला तो बारीक आवाज कुठच्या कुठे गेला होता आणि हा खालून, छातीतून येत होता. बत्तीस वर्षं ज्यांनी लोकांचे आवाज मोजण्यात घालवली त्या कानवाल्यांनी हा आवाज आयुष्यात ऐकला नव्हता. मालकीणबाईनं ट्रे टेबलावर ठेवून दिला. तिनं काहीतरी विचारलं; बायकोनं सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं, या वेळी दोन्ही हात पोटाशी जुळवून, एखादी मुलगी वडीलधाऱ्यांपुढं उभी राहावी तशी. बायको हसली, काहीतरी म्हणाली, आणि परत सुपाकडे वळली. मालकीणबाई तशीच मागं मागं सरकत पडद्याआड गेली.

"तू आत्ता काय बोललीस तिच्याशी?" कानवाल्यांनी विचारलं.

"कुठं काय? तिखट बेताचं आहे म्हटलं. चांगलं झालंय म्हटलं."

"कोणत्या भाषेत?"

"अहो, आपल्याच! मला दुसरी कुठली येते? हातवाऱ्यांवरनं कळतं की त्यांना." तिनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "बरं नाही का वाटत? ऊन बाधलं वाटतं तुम्हाला. पाणी प्या."

तिचा आवाज पुन्हा नेहमीसारखाच बारीक, वरच्या पट्टीत होता. कानवाले पाणी प्यायले. मनाशी त्यांनी आपलंच वाक्य घोळवून पाहिलं, की माणूस अर्धंच ऐकतो. पण मन भरून घेतं ते ओळखीच्या शब्दांनी. जी भाषा आपल्याला अक्षरानं येत नाही ती आपलं मन कुठून आणणार, याचं उत्तर त्यांच्या धंद्यात नव्हतं.

संध्याकाळी बायको वाळूत बसून लोकांच्या पोरांची गंमत बघत असताना ते जरा लांब गेले आणि त्यांनी मेहुण्यांना, तिच्या थोरल्या भावाला, फोन लावला. हवापाण्याचं बोलून झाल्यावर, सहज आठवल्यासारखं विचारलं, की हिला लहानपणी कोणी दुसरी एखादी भाषा शिकवली होती का, शेजारीपाजारी कोणी परदेशी माणसं होती का.

मेहुणे खो खो हसले. "भावजी, तिला? शाळेत दुसऱ्या भाषेच्या पेपरात दोनदा नापास झालीय ती. मास्तरांनी हात टेकले होते." मग हसणं ओसरलं. "एक मात्र होतं. म्हणजे आमची आई सांगायची. चार वर्षांची होईपर्यंत ती बोलतच नव्हती. मुकी नव्हती हं. बडबड दिवसभर चालायची, भिंतीशी, दाराशी, उशीशी. पण एक शब्द कोणाला कळेल तर शपथ. आई रडकुंडीला आली होती. मग एकदा तापानं फणफणली, आठ दिवस डोळे उघडले नाहीत, आणि ताप उतरल्यावर उठून बसली ती आपल्या भाषेत, स्वच्छ शब्दांत पाणी मागत. त्यानंतर तिचं तोंड काही बंद नाही, ते तुम्हाला ठाऊकच आहे. का हो? बरी आहे ना ती?"

"ठणठणीत आहे," कानवाले म्हणाले.

वाळूत बसलेल्या बायकोनं दुरून त्यांना हात केला. त्यांनीही केला.

तिसऱ्या दिवशी कुठं जेवायचं हे त्यांनी मुद्दामच तिला विचारलं. "तिथंच," ती पटकन म्हणाली, आणि मग आपल्याच घाईची गंमत वाटून, "पंखा चांगला आहे हो तिथला," अशी पुस्ती जोडली. निघण्याआधी कानवाल्यांनी फोनमधलं रेकॉर्डिंग सुरू करून तो शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला. गिऱ्हाइकांचं बोलणं ते तसंच टिपून घेत, नंतर शांतपणे ऐकायला. बायकोच्या बाबतीत आपल्यावर अशी चोरून ऐकायची पाळी यावी याची त्यांना शरम वाटली; पण त्यांनी फोन काढून ठेवला नाही.

मालकीणबाई जणू वाटच बघत होती. आज तिनं काय हवं ते विचारलंच नाही. तीन वाडगे आणले, आणि तिसरा आपल्यापुढं ठेवून तिसऱ्या खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली. मग त्या दोघी बोलू लागल्या. बायको बोलता बोलता पानं खुडून तिच्या वाडग्यात टाकत होती, आणि सत्तरी ओलांडलेली ती म्हातारी मान खाली घालून ते करून घेत होती. कानवाले खात राहिले. मध्येच एकदा बायकोनं बोलणं अर्धवट थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. स्टँडवर शेजारच्या बाकावरचा परका माणूस आपलं बोलणं ऐकतो आहे की काय, हे अजमावायला माणूस जसं पाहतं, तसं. तिनं नजर काढून घेतली, म्हातारीला खालच्या आवाजात आणखी दोन वाक्यं सांगितली, आणि त्याच दमात पुन्हा त्यांच्याकडे वळून म्हणाली, "अहो, लिंबू हवंय का अजून? आहे माझ्याकडे."

तिच्या डोळ्यांत आता ओळख होती, माया होती, सगळं जिथल्या तिथं होतं. त्यांनी हात पुढं केला आणि लिंबाची फोड घेतली.

जेवून आल्यावर बायको आडवी झाली आणि लगेच तिचा डोळा लागला. कानवाले चपला हातात घेऊन जिना उतरले. रस्ता उन्हानं ओस पडला होता. रेस्टॉरंटमध्ये खुर्च्या उलट्या करून टेबलांवर चढवल्या होत्या, आणि मालकीणबाई जमिनीवर टोपली घेऊन संध्याकाळसाठी पाला निवडत बसली होती. त्यांना पाहून ती दचकली नाही. त्यांनी फोन काढून तिच्यासमोर धरला, तेव्हा तिनं ओले हात पुसले आणि पाटासारखं एक बसकं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

तिचं इंग्रजी त्यांच्या इंग्रजीइतकंच मोडकं होतं. त्यामुळं ती सांगत होती ते अगदी उघडं, विनासजावटीचं त्यांच्यापर्यंत पोचत होतं.

"आमच्या गावाकडचं बोलणं आहे," रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर ती म्हणाली. "पण जुनं. माझी आजी असं बोलायची. आता कोणी बोलत नाही. ती मला पोरी म्हणते. मी एक्काहत्तर वर्षांची आहे. ती पोरी म्हणते आणि मी जी जी करते. माझं तोंड आपोआप तसं करतं."

"काय विचारते ती?"

"साधंच. ओढ्याचं पाणी उतरलं का. खाली जायची पायवाट अजून आहे का. कोणाकोणाची लग्नं झाली. मी म्हणाले, मला ठाऊक नाही, मी लहानपणीच गाव सोडलं. तिला वाईट वाटलं नाही. बोलायला मिळालं याचाच तिला आनंद आहे."

फोनमधून भांड्यांचा किणकिणाट आला, पंख्याची घरघर आली, आणि त्या खालच्या, छातीतल्या आवाजात बायको पुढं काही बोलू लागली. एवढ्यात मालकीणबाईनं फोनवर तळहात ठेवला.

"इथून पुढचं नको."

"सांगा."

"नको ऐकू. चांगली बायको आहे तुमची. घेऊन जा."

"मी तिचा नवरा आहे," कानवाले म्हणाले. आवाज चढला होता. "सांगा मला."

म्हातारीनं हात उचलला. रेकॉर्डिंग पुढं गेलं. आपल्या बायकोनं परक्या माणसाकडे पाहावं तसं आपल्याकडे पाहिलं ती क्षणभराची स्तब्धता कानवाल्यांनी ऐकली, आणि त्यानंतरची ती दोन वाक्यं.

"मी विचारलं होतं, हे तुमचे पती का," मालकीणबाई टोपलीतल्या पानांकडे बघत म्हणाली. "ती म्हणाली, हा माणूस चांगला आहे. मारत नाही, ओरडत नाही, मी आल्याशिवाय जेवायला बसत नाही. पण मी याला ओळखत नाही. रोज सकाळी डोळे उघडते तेव्हा हा असतोच." तिनं एक किडकं पान बाजूला टाकलं. "मग मी विचारलं, किती दिवस झाले. ती म्हणाली, मुलगी झाली त्याच्याही आधीपासून."

कानवाले स्टुलावर बसूनच होते. पायाखालची वाळू सरकणं हा वाक्प्रचार त्यांनी शेकडो वेळा वापरला असेल. पण तसं काही झालं नाही. उलट सगळं जागच्या जागी घट्ट बसलं होतं, उलट्या खुर्च्यांचे पाय, ओला पाला, दारातलं ऊन. आणि या सगळ्यात एकटेच आपण चुकून भलत्याच घरात शिरलो, कोणी काही म्हणालं नाही म्हणून तिथंच जेवलो, झोपलो, म्हातारे झालो, असं त्यांना वाटलं. लग्नानंतरच्या सगळ्या सकाळी त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या. उठल्यावर दोन-चार क्षण ती नेहमी त्यांच्याकडे बघत बसायची. त्याला ते प्रेम समजत आले होते.

"मुलीला ओळखते का ती?" त्यांनी विचारलं.

"ते मी नाही विचारलं," म्हातारी म्हणाली.

मग कानवाल्यांनी जे केलं त्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. पण त्या घडीला त्यांना दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं. "मला एक वाक्य शिकवा," ते म्हणाले. "तिच्या भाषेतलं."

"नको. ती आत आहे, आतच असू द्या. तुमच्याशी बोलते ती तुमची आहे ना? तेवढी पुरे झाली."

"इतकी वर्षं माझ्या घरात कोणीतरी राहतंय आणि तिला ठाऊक नाही मी कोण," कानवाले म्हणाले. "मला फक्त एकदा तिला सांगायचंय."

"काय सांगायचंय?"

याचा त्यांनी विचारच केला नव्हता. मी तुझा नवरा, हे त्या भाषेत कसं ऐकू येईल कोण जाणे. घाबरू नकोस, हे तर सगळेच चोर म्हणतात. "घरी जाऊ या," ते शेवटी म्हणाले. "एवढंच. उद्या सकाळी आमची गाडी आहे."

मालकीणबाईनं टोपलीतली एक काडी उचलली. मग तिनं ते वाक्य म्हटलं. चार छोटे शब्द होते. पहिले तीन उतरत्या सुराचे आणि शेवटचा सपाट. त्यांनी म्हणून पाहिलं. तिनं मान हलवली, एका शब्दाचा उतार हातानं हवेत काढून दाखवला. सूर चुकला की अर्थ गेला, ती म्हणाली. पण सूर पकडणं हा तर कानवाल्यांचा पोटापाण्याचा धंदा होता. तिसऱ्या खेपेला त्यांनी ते चार शब्द असे म्हटले की म्हातारीच्या हातातली काडी गळून पडली. ती उठली, टोपली उचलून पडद्याआड गेली. कानवाले रस्त्यावर पन्नास पावलंही गेले नसतील तोच त्यांच्यामागं हिरव्या झडपा एकामागून एक बंद झाल्याचे आवाज आले. संध्याकाळची गिऱ्हाइकं यायची वेळ झाली होती, तरीही.

खोलीवर पोचले तेव्हा बायको उठून सामान आवरत होती. गॅलरीत कोणाकोणाचे पोहण्याचे कपडे वाळत होते, आणि त्यांच्या आडून आलेलं कलतं ऊन पलंगावरच्या घड्यांवर पडलं होतं.

"कुठं होतात इतका वेळ? आणि टोपी न घालता?" ती पाठमोरीच म्हणाली. "तुमचे तिन्ही शर्ट ठेवलेत बॅगेत. निळा तेवढा बाहेर आहे, सकाळी घाला. मघाशी पोरीचा फोन येऊन गेला. आईला तिथलं जेवण आवडलं यावर विश्वासच बसत नाहीये तिचा. मी म्हटलं, तुझ्या बाबांनाच विचार."

कानवाले दाराशी उभे होते. ही हीच होती. हिचं हे बोलणं, बोलता बोलता कॉलर दाबून घडी घालण्याची ही लकब, मानेवरचा घामोळ्यांचा हा लाल पट्टा, सगळं त्यांच्या माहितीचं होतं. गप्प राहिलो तर उद्या दुपारपर्यंत आपण घरी असू, परवा दुकान उघडू. हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. पण परवा सकाळी ती डोळे उघडून दोन-चार क्षण आपल्याकडे बघेल, तेव्हा त्या डोळ्यांआडून कोण बघतंय हे ठाऊक असताना अंथरुणात पडून कसं राहायचं, हे मात्र त्यांना दिसत नव्हतं.

त्यांनी ते चार शब्द म्हटले.

बायकोचे हात थांबले. शर्टाची घडी अर्धीच राहिली. ती ताठ झाली नाही, दचकली नाही. उलट तिच्या खांद्यांतला कसलातरी ताण, जो तिथं होता हेच कानवाल्यांना कधी जाणवलं नव्हतं, तो हळूहळू उतरत गेला. मग ती वळली.

लग्नाच्या दिवशी, मुलगी झाली तेव्हा, कधीच त्यांनी तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. उंबऱ्याशी वाट बघून बघून शिणलेल्या माणसाला एकदाचं लांबवर ओळखीचं कोणी येताना दिसावं, तसा तो चेहरा होता. ती त्यांच्याजवळ आली, दोन्ही हातांनी त्यांची मनगटं धरली आणि त्या खालच्या, भरदार आवाजात बोलू लागली. ती हसत होती, मधूनच तिचे डोळे भरून येत होते. तिनं काहीतरी विचारलं आणि ती उत्तराची वाट बघत थांबली. कानवाल्यांपाशी उत्तर नव्हतं. तिनं दुसरं काही विचारलं, त्याचंही नव्हतं. त्यांच्याजवळ तेवढेच चार शब्द होते, आणि ती नजर मावळेल या भीतीनं त्यांनी ते पुन्हा म्हटले. पहिले तीन उतरते, शेवटचा सपाट.

तिनं मान डोलावली. कधीपासून ऐकायचं असलेलं ऐकायला मिळाल्यासारखी तिनं मान डोलावली, डोळे पुसले, आणि त्यांचे हात सोडून चपला पायात सरकवल्या. तिचा चष्मा पलंगावर राहिला. बॅग उघडीच राहिली. ती सरळ दाराकडे निघाली.

"अगं, थांब," कानवाले म्हणाले. ती थांबली नाही. "आज नाही, उद्या जायचंय. ऐक तरी. अगं!"

आता ती दारात थांबली आणि तिनं वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना भीती. गोड बोलणारा एखादा परदेशी आपल्याला न समजणाऱ्या भाषेत कोणाला तरी बोलावतो आहे, एवढीच सोशीक, सभ्य उत्सुकता होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्यामागं रिकाम्या खोलीत पाहिलं. आणि अंगावरचे कपडे सावरून घेत ती दारातून जराशी बाजूला सरकली, हाक मारली जात होती त्या आतल्या बाईला बाहेर यायला वाट असावी म्हणून.